ट्रकचे डिफरन्शियल ऑइल बदलणे

ट्रकच्या मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधले जुने गिअर ऑइल काढून नवे भरण्याचे काम. चालक आणि मिस्त्री त्याला बहुधा ‘क्राउनचं ऑइल बदलणं’ म्हणतात. प्रोपेलर शाफ्टची गती येथे पिनियन या छोट्या गिअरकडून क्राउन या मोठ्या गिअरला मिळते, काटकोनात वळते आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटली जाते. पिनियनला 6 आणि क्राउनला 41 दात असले, तर पिनियनच्या सुमारे पावणेसात फेऱ्यांमागे क्राउनचा एक फेरा होतो. वेग घटतो तसा रेटा वाढतो, आणि हा सगळा भार एका वेळी मोजक्याच दातांवर येतो. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते. तो फरक क्राउनला जोडलेल्या पिंजऱ्यातले छोटे गिअर, म्हणजेच डिफरन्शियल, सांभाळतात.

हायपॉइड पद्धतीच्या जोडीत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून वर किंवा खाली सरकवलेले असते. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, जोराने घासतातही. साध्या तेलाचा थर या दाबाखाली टिकत नाही. म्हणून गंधक आणि फॉस्फरसची संयुगे असलेले ‘ईपी’ (अतिदाब सोसणारे) तेल लागते. गिअर ऑइलचा उग्र वास मुख्यतः त्या गंधकाचाच. हायपॉइड एक्सलसाठी सहसा जीएल-5 दर्जाचे 80डब्ल्यू-90, ईपी 90 किंवा 85डब्ल्यू-140 तेल सांगितलेले असते. ‘नव्वद नंबर’ म्हणजे इंजिनच्या चाळीस नंबरच्या दुप्पट जाड, हा समज चुकीचा आहे. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या असून गरम अवस्थेत नव्वदचे गिअर ऑइल साधारण चाळीस-पन्नासच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते.

लाखो किलोमीटर धावलेल्या ट्रकमध्ये या कामाची अनेकदा हेळसांड होते. इंजिन ऑइल वेळेवर बदलले जाते. क्राउनमध्ये मात्र कमी झाले तेवढेच वरून घातले जाते. बहुतेक एक्सलांना तेलाचा फिल्टर नसतो. झिजलेल्या लोखंडाची भुकटी त्याच तेलात फिरत राहते आणि बेअरिंगे खाते. उसाच्या हंगामात भरल्या ट्रॉलीसह शेतातून रस्त्यावर चढणाऱ्या किंवा रोज घाट ओलांडणाऱ्या गाडीचे तेल तापून लवकर खराब होते. अशा गाडीचे तेल उत्पादकाच्या पुस्तिकेत अवघड वापरासाठी दिलेल्या कमी अंतरावर बदलावे. तापलेले हाउसिंग पुराच्या पाण्यात गेले, तर आतली हवा आकसते आणि हवा जाण्यायेण्याच्या ब्रीदरमधून किंवा सैल सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग किलोमीटर मोजत बसू नये, तेल लगेच तपासावे.

गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे, सपाट जागी उभी करून चाकांना ओट लावावी. पहिल्यांदा भरण्याचा प्लग उघडावा, खालचा नंतर. हा क्रम चुकवू नये: तेल सोडून दिल्यावर वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागेवरच बसते. निघालेले तेल टाकण्याआधी नीट पाहावे. चुंबकी प्लगवरचा बारीक करडा लेप ही नेहमीची झीज असते. कपची, दाताचा तुकडा किंवा बेअरिंगचा कण दिसला, तर नवे तेल घालून गाडी मार्गी लावणे धोक्याचे. हाउसिंग उघडलेच पाहिजे. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले आहे. डिझेल किंवा रॉकेलने आतून धुण्याची पद्धत टाळावी, कारण कोपऱ्यांत राहिलेला अंश नव्या तेलाला पातळ करतो.

ब्रीदर साफ करणे हा या कामाचाच भाग आहे. तो चोंदला की आतला दाब तेलाला पिनियनच्या सीलमधून बाहेर ढकलतो. हबचे सील गळले तर तेल ब्रेक लायनरवर पोचते आणि गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. प्लगचे वॉशर नवे घालावे. तेल सहसा भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरतात. ते एक्सलच्या नळ्यांत पसरू द्यावे आणि पातळी पुन्हा पाहावी. जास्त भरलेले तेल घुसळून फेसाळते आणि तापते. मागे दोन चालते एक्सल असतील, तर दोन्हींचे तेल बदलावे.

नवे तेल घातल्यावर जुना क्राउन ओरडू लागतो, अशी तक्रार ऐकू येते. ते तेल दात झिजवत नाही. आधीच झिजलेल्या जोडीचा आवाज दाट, मळक्या तेलाने दबलेला असतो. म्हणून मुद्दाम एकशेचाळीस नंबर भरून आवाज झाकणे निरुपयोगी. ‘जीएल-5’ तेल पुस्तिका न पाहता गिअरबॉक्समध्ये घालू नये, काही रचनांत त्यातील रसायने पितळी सिंक्रो रिंगांना बाधतात.

निघालेले तेल भारतात 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते गटारात किंवा बांधावर न ओतता झाकणबंद डब्यात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे.