डोक्याला मार आणि रक्ताचा दाखला

छातीत दुखलं की ट्रोपोनिन तपासतात; तसंच डोक्याला मार लागला की रक्त तपासायचं. रिपोर्ट निगेटिव्ह आला की मेंदू शाबूत, सीटी स्कॅन नको आणि चिंताही नको. हे मत सध्या बळावत चाललं आहे. त्याचा पाया कच्चा नाही, म्हणून आधी पूर्वपक्ष.

मेंदूला इजा झाली की तारकापेशींतलं जीएफएपी आणि चेतापेशींतलं यूसीएच-एल1 ही प्रथिनं रक्तात उतरतात. 2018 साली अमेरिकेच्या एफडीएने या जोडीच्या चाचणीला मान्यता दिली. 2024 मध्ये रुग्णाशेजारीच सुमारे 15 मिनिटांत निकाल देणारी ॲबटची आय-स्टॅट चाचणीही मान्य झाली. मूळ मान्यतेमागच्या अलर्ट-टीबीआय अभ्यासात 1959 रुग्ण होते. सीटीत इजा दिसलेल्या 125 जणांपैकी फक्त तिघे चाचणीतून निसटले. ही कामगिरी नाकारणं निव्वळ हट्ट ठरेल.

पण ही कामगिरी एकाच प्रश्नापुरती आहे: सीटीत इजा दिसेल का? सौम्य मेंदूइजेचं निदान मात्र आजही माणूस पाहूनच होतं. शुद्ध हरपली का, आधीचं काही आठवत नाही का, उलटी, गोंधळ, ग्लासगो मापनात 13 ते 15 गुण. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टवर ‘सीटी नको’ इथवर जाता येतं. ‘चिंता नको’ ही पुढची उडी पुराव्यात बसत नाही.

आता पॉझिटिव्हकडे पाहा. त्या 1959 पैकी 1288 जण पॉझिटिव्ह होते आणि बहुतेकांचा सीटी स्वच्छ होता. टीकाकार याला चाचणीचा दोष म्हणतात. मला तेही मान्य नाही. ट्रॅक-टीबीआय अभ्यासात सीटी स्वच्छ असलेल्या 450 जणांपैकी 27 टक्क्यांच्या एमआरआयमध्ये इजा सापडली, आणि त्यांचं जीएफएपी इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं. म्हणजे सीटीच्या मापाने खोटे ठरलेले काही पॉझिटिव्ह खरे असू शकतात. सगळे नव्हेत, वयाबरोबरही जीएफएपी वाढतं. तरी या चाचणीचं मोठं मोल मला इथेच दिसतं: सीटी पाहून घरी धाडलेल्यांपैकी कुणाला पुन्हा बोलवायचं, ते ठरवण्यात.

मुंबईतल्या अँटॉप हिलच्या संदर्भात हे तपासू. दहीहंडीत इथला गोविंदा थरावरून पडला की जवळचं मोठं रुग्णालय म्हणजे शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय. तिथे सीटीची सोय आहे, त्यामुळे सीटी वाचवणारी चाचणी तालुक्याच्या गावाला जितकी उपयोगी, तितकी इथे नाही. शिवाय एफडीएची मान्यता 18 वर्षांवरच्यांसाठी आहे. दहीहंडीच्या वरच्या थरांवर हलक्या अंगाची पोरं चढतात. 2017 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे मुलांना थरांवर न चढवण्याची हमी मिळाली ती 14 वर्षांखालच्यांपुरती. मधल्या वयाच्या मुलाला प्रौढांवर बेतलेला आकडा लावून निर्धास्त होणं मला धोक्याचं वाटतं.

मंडळांना म्हणून विनंती: पडलेल्या मुलाचा रिपोर्ट कसाही येवो, त्या दिवशी त्याला पुन्हा थरात उभं करू नका आणि पहिले 24 तास एकटं सोडू नका. डोकेदुखी वाढली, पुन्हा उलटी झाली, बोलणं असंबद्ध वाटलं किंवा जागं करणं जड गेलं, तर लगेच रुग्णालयात परत न्या.