जुनापाणीची शिळावर्तुळे

नागपूरहून काटोलच्या वाटेला लागलं, की जुनापाणीच्या माळावर मोठमोठ्या दगडांची कडी दिसतात. अशी सुमारे ३०० वर्तुळे तिथे आहेत. ही राक्षसांची करणी नव्हे. सुमारे अडीच हजार वर्षांमागे माणसांनी आपल्या मृतांवर माती-गोटे रचून उभारलेली ही थडगी. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली त्यांची माहिती छापली. आत मडकी, लोखंडी हत्यारे निघाली. जवळच्या माहूरझरीला तर तांब्याच्या साजासह घोड्यांची हाडेही मिळाली.

जागा सरकारने संरक्षित केली आहे. पण नुसती पाटी राखण करीत नाही. बांधासाठी एक दगड उचलला, की कडे तुटते. आणि ज्यांनी अक्षर मागे ठेवले नाही, त्यांची साक्षच पुसते. गुरुजी, मुलांना तिथे न्या. दगड मोजू द्या. हलवू मात्र देऊ नका.