दहा फुटांत चार माणसे

१९५६ साली इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्यावरून युद्ध झाले, कालवा बंद पडला आणि ब्रिटनमध्ये डिसेंबरपासून पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. बुडबुड्याच्या आकाराच्या चिमुकल्या जर्मन गाड्या भराभर खपू लागल्या. पण त्यांत कुटुंब मावत नसे. तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी अॅलेक इसिगोनिस या अभियंत्याला सांगितले : खरीखुरी छोटी मोटार बनवा, मात्र इंजिन कंपनीत तयार होते तेच वापरा.

मोटार लहान करता येते, माणूस लहान करता येत नाही. इसिगोनिस यांनी म्हणून आधी चार माणसे बसवली आणि उरलेल्या जागेत यंत्रे कोंबली. त्या काळी बहुतेक गाड्यांत इंजिन उभे, त्यामागे गिअरपेटी आणि तेथून मागच्या चाकांपर्यंत लांब दांडा असे. इसिगोनिस यांनी इंजिन काटकोनात फिरवून आडवे ठेवले. आडवे इंजिन जर्मनीच्या डीकेडब्ल्यू गाडीत १९३१ पासून होते, पण ते दोन सिलिंडरचे. चार सिलिंडरच्या इंजिनाशेजारी गिअरपेटीला जागा उरेना. ती त्यांनी इंजिनाच्या खाली बसवली. दोन्हींना वंगणाचे तेल एकच. शक्ती थेट पुढच्या चाकांना मिळाल्याने लांब दांडा गेला. चाके अवघी दहा इंची.

आणखी एक अडचण होती. सहाशे किलोच्या आसपास वजनाच्या गाडीत चार माणसे बसली, की भार जवळजवळ निम्म्याने वाढतो. साधी स्प्रिंग एकट्या चालकासाठी बेताची ठेवावी तर चौघांना मऊ पडते. अॅलेक्स मोल्टन यांनी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू वापरले. रबर जितके दाबावे तितके अधिक ताठ होत जाते.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी ‘मिनी’ विक्रीस आली. लांबी दहा फूट, आणि तळाचा सुमारे ८० टक्के भाग माणसांना व सामानाला! किंमत करासह पाचशे पौंडांच्या आत. फोर्ड कंपनीने एक मिनी सुटी करून हिशेब मांडला, तेव्हा प्रत्येक गाडीमागे सुमारे तीस पौंडांचा तोटा दिसला. जागेचे गणित सुटले, पैशांचे राहिले. तरीही २००० सालापर्यंत ५३ लाखांहून अधिक मिनी बनल्या.

१९८३ साली गुडगावहून निघालेल्या मारुती ८०० मध्येही आडवे इंजिन पुढच्या चाकांना फिरवत होते. गिअरपेटी मात्र इंजिनाच्या शेजारी होती; सिलिंडर तीनच.

शाळेच्या आवारात एखादी मोटार उभी असेल, तर विद्यार्थ्यांना टेप देऊ या. गाडीची एकूण लांबी मोजा, मग पायाच्या पेडलपासून मागच्या आसनाच्या पाठीपर्यंतची. या दोन आकड्यांचे गुणोत्तर काढले, की गाडीच्या लांबीतला किती भाग माणसांचा आणि किती यंत्रांचा व सामानाचा हे आपल्याला कळेल.