दिव्याची काटकसर

वडुजास आमच्या जुन्या घरीं तिन्हीसांज झाली कीं आजी प्रथम कंदिलाची वात पाही. वात कातरीनें सरळ कापावयाची, राखेनें पुसलेली कांच तिच्यावर बसवावयाची, ज्योत एकदां वर घेऊन मग निम्म्यावर आणावयाची, हा क्रम तिच्या हाताला इतका बसला होता कीं, घरांत वीज येऊन वर्षें लोटलीं तरी वीज गेलेल्या रात्रीं तो जसाच्या तसा चालू होई. वात निम्म्यावर कां, असें मीं एकदां विचारलें, तेव्हां "तेल काय आडातनं शेंदायचंय?" एवढेंच उत्तर मिळालें.

हें आठवण्याचें कारण असें कीं, विजेच्या बचतीवर बोलतांना आपण जुन्या पिढीच्या काटकसरीचे दाखले मोठ्या आवडीनें देतों. 'पूर्वीं एका दिव्यावर घर चालत असे' हें वाक्य मीं स्वतः वर्गांत अनेकदां उच्चारलें आहे. आतां तें उच्चारतांना जीभ अडखळते. काटकसर या एका शब्दाखालीं आपण दोन निराळ्या गोष्टी घालतों. उजेडच कमी वापरणें ही एक, आणि तितक्याच उजेडासाठीं कमी इंधन जाळणें ही दुसरी. पहिलीस नुसता निग्रह पुरतो. दुसरीस शास्त्र आणि कारखाना लागतो. आमच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालली ती पहिली, आणि तिची किंमत घरांतील सर्वांनीं सारखी दिली नाहीं.

रॉकेल येण्यापूर्वीं दिव्याचें तेल आणि फोडणीचें तेल पुष्कळदां एकाच बुधल्यांतून निघे. खटाव-माणच्या कोरड्या रानांत करडई पिके. घाण्यावरून आलेलें तिचें तेल समईंत ओतावें कीं कढईंत, हा गरिबाच्या घरीं रोजचा प्रश्न होता. म्हणून दिवेलागणीनंतर जेवण आणि जेवणानंतर अंधार, असा रात्रीचा क्रम आंखलेला असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खनिज तेल आलें. आधीं अमेरिकेचें, मग काळ्या समुद्रावरील बाटुम बंदरांतून रशियाचें, आणि पुढें ब्रह्मदेशाचें. लोकांनीं त्यास घासलेट म्हटलें, रॉकेल म्हटलें, आणि त्याच्या रिकाम्या डब्यांनीं घरोघर पाणी भरलें. परदेशी मालानें आपल्या घरांत इतका बिनबोभाट प्रवेश क्वचितच केला असेल. हें तेल खाण्याचें नसल्यामुळें दिव्याचा आणि कढईचा तंटा मिटला. पण तें जाळावयाचें कशांत? गरिबानें तें चिमणींत जाळलें, म्हणजे पत्र्याच्या डबींत वात खोंचून केलेल्या उघड्या दिव्यांत. या तेलास पुरतें जळण्यासाठीं भरपूर हवा लागते. उघड्या ज्योतीस ती मिळत नाहीं; न जळलेला कोळसा काजळी होऊन वर जातो आणि उजेड तांबूस व मिणमिणता पडतो. यावरचा उपाय जिनिव्हाच्या आर्गां नांवाच्या गृहस्थानें १७८० च्या सुमारास शोधून ठेविला होता. ज्योतीभोंवतीं कांचेची नळी बसविली कीं तापलेली हवा वर चढते, खालून ताजी हवा ओढली जाते आणि ज्योत उजळते. कंदिलाच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्याही ज्योतीस हवा पुरविण्यासाठींच असतात. लहानपणीं मला त्या केवळ धरावयाच्या दांड्या वाटत.

तेव्हां, तेवढ्याच तेलांत अधिक उजेड देणारें पहिलें घरगुती यंत्र आपल्याकडे आलें तें कंदिलाच्या रूपानें. तो प्रथम अमेरिकेच्या डिट्झचा, जर्मनीच्या फॉयरहँडचा, असा परदेशी असे. तो येथें बनविण्याची खटपट ज्यांनीं केली त्यांची वाडी आमच्याच जिल्ह्यांत आहे. स्वदेशीच्या चळवळींत, १९०८ सालीं, तळेगांवास पैसा फंडाचा कांच कारखाना निघाला होता. पुढें पहिल्या महायुद्धानें जर्मनीची आणि ऑस्ट्रियाची कांच यावयाची थांबली. त्याच युद्धकाळांत, १९१६ सालीं, श्रीपाद प्रभाकर ओगले व त्यांचे बंधु यांनीं कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दींत आपला कारखाना उभारला. किर्लोस्करांस १९१० सालीं आपल्या मुलुखांत जागा देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधि हेच त्यांचेही आश्रयदाते. औंध आज खटाव तालुक्यांत, म्हणजे वडुजाच्याच कचेरीखालीं येतें; तेव्हां मात्र वडूज इंग्रजी मुलुखांत आणि औंध संस्थानांत. ओगल्यांच्या कंदिलाचें नांव 'प्रभाकर'. वडिलांचें नांव आणि सूर्याचें नांव एकाच शब्दांत साधलें!

कंदिलाची कांच करणें हें वाटतें तितकें सोपें काम नव्हे. फुगविलेली कांच भट्टींत सावकाश निववावी लागते. घाई झाली तर तिच्यांत ताण राहतो, आणि मग खालून ज्योत व वरून थंड वारा अशा पहिल्याच रात्रीं ती तडकते. आमच्या घरीं कांच फुटणें ही चपराक मिळण्याजोगी गोष्ट होती, तिच्यामागें एवढें शास्त्र असल्याचें मला फार उशिरां कळलें.

१९४२ सालीं जपान्यांनीं ब्रह्मदेश घेतला आणि तेथील तेल बंद झालें. त्याच वर्षीं ९ सप्टेंबरला वडुजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी असे नऊ जण हुतात्मे झाले. गांवाच्या स्मरणांत तें साल त्यांच्या नांवें आहे, आणि तें योग्यच आहे. आजीच्या बोलण्यांत मात्र त्या सालाच्या मागोमाग रॉकेलची टंचाईही येई. चिमणी पेटवावयाची ती भाकरी थापण्यापुरती, आणि पुढें नुसत्या चुलीच्या जाळावर भागवावयाचें, असें ती सांगे.

येथें मला त्या 'एका दिव्या'कडे पुन्हां यावयाचें आहे. आमच्या घरांत कंदील एक आणि चिमण्या दोन. कंदील सोप्यांत, आणि वडील शिकत होते तोंवर त्यांच्या पुस्तकासमोर. स्वयंपाकघरांत चिमणी, दुसरी गोठ्यांत. घरांतील सर्वांत बारीक नजरेचें काम अशा रीतीनें सर्वांत वाईट उजेडांत होई. तांदळांतला खडा, भाजींतली अळी, पिठांतला किडा, हें सारें डोळ्यांनीं न पाहतां बोटांनीं पाहावयाचें. एका दिव्यावर घर चालत असे हें खरें. पण तो दिवा कोणापुढें असे, हें त्या वाक्यांत येत नाहीं. वडील शिकले, त्यांच्या शिक्षणावर मी शिकलों, म्हणून त्या वांटणीविरुद्ध बोलतांना मला संकोचही वाटतो. तरी काटकसरीचें कौतुक कंदिलाशीं बसलेल्यांचें झालें आणि ती सोसली चिमणीशीं बसलेल्यांनीं, एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

वीज आल्यानें हें आपोआप बदललें असें कोणी समजूं नये. कोयनेची वीज १९६२ सालीं निघूं लागली, आणि कालांतरानें आमच्या घरींही तार आली. तेव्हां सोप्यांत साठ वॅटचा दिवा लागला आणि स्वयंपाकघरांत चाळीसचा. हें कोणी ठरविलें नव्हतें. ठरविण्याची गरजच नव्हती.

शिवाय तो दिवाही उधळ्याच. एडिसनच्या १८७९ च्या दिव्यापासून चालत आलेल्या या जातींत तार तापवून उजेड काढावयाचा असतो, आणि शिरलेल्या विजेपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक वीज उष्णतेंत जाते. उजेड हा त्याचा जोडधंदा. आजच्या एल.ई.डी. दिव्यानें तापण्याची ही अटच बहुतांशीं काढून टाकली. तांबडा आणि हिरवा प्रकाश देणारे असे दिवे आधींच होते. निळा साधत नव्हता, आणि निळ्यावांचून पांढरा होत नव्हता. तो अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानांत जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनीं साधला, व त्याबद्दल २०१४ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. त्याच वर्षाच्या आरंभीं आपल्याकडे सरकारी खरेदींत जो दिवा ३१० रुपयांस पडत होता, तो २०१६ सालीं ३८ रुपयांवर आला. मध्यंतरीं, जानेवारी २०१५ मध्यें, घरोघर हे दिवे स्वस्तांत पोंचविणारी उजाला योजना सुरू झाली होती.

हिशेब साधा आहे. साठ वॅटचा दिवा रोज पांच तास लावला तर महिन्याला नऊ युनिटें जातात. तेवढाच किंवा कांकणभर अधिक उजेड देणाऱ्या नऊ वॅटच्या दिव्यास दीड युनिटही लागत नाहीं. कंदिलाशीं तुलना तर थक्क करणारी आहे. कंदील तासाला सुमारें वीस मिलिलिटर रॉकेल जाळतो, म्हणजे जवळजवळ दोनशें वॅट खर्चतो, आणि देतो या नव्या दिव्याच्या उजेडाचा जेमतेम दहावा भाग. आजीनें वात निम्म्यावर आणून आयुष्यभरांत जें वांचविलें, तें या दिव्यापुढें किती थोडें!

अर्थशास्त्र जाणणारा वाचक येथें जेव्हन्सची आठवण देईल. यंत्र काटकसरी झालें म्हणजे कोळसा कमी जळेल हा भ्रम आहे, उलट वापर वाढून तो अधिकच जळतो, असें त्या इंग्रज पंडितानें १८६५ सालींच बजावलें होतें. गेल्या खेपेस वडुजास गेलों तेव्हां मीं घरांतील दिवे मोजले. एका कंदिलाच्या घरांत ते चौदा भरले. सर्व एकदम लावले तरी १२६ वॅट होतात, म्हणजे जुन्या साठाच्या दोन दिव्यांहून किंचित् अधिक. तेव्हां दिव्यांच्या बाबतींत, निदान आमच्या घरीं, जेव्हन्स अर्धाच खरा ठरला. आणि वाढलेल्या दिव्यांपैकीं जे स्वयंपाकघरांत, न्हाणींत, गोठ्यांत गेले, त्यांस मी उधळपट्टी म्हणणार नाहीं. तें जुनें देणें फिटलें. फाटकावरचा दिवा मात्र संध्याकाळपासून उजाडेपर्यंत कोणासाठीं जळतो तें मला समजलें नाहीं. त्याचीं महिन्याला तीन युनिटें होतात. मीं तो बंद केला. धाकट्या भावानें पुन्हां लावला. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.

योजनेंतले पहिले दोन दिवे घरीं आले तेव्हां वडिलांनीं एक सोप्यांत लावला आणि दुसरा फडताळांत जपून ठेविला. आईनें तो त्यांस न विचारतां काढून ओट्यावर लावून घेतला, आणि दुपारीं निवडून ठेविलेले तांदूळ ती पुन्हां निवडावयास बसली. त्यांतून निघालेले खडे तिनें ताटलींत घालून मला आणून दाखविले. सात होते.