पलटी झालेल्या ट्रॉलीची चेसिस : आधी टेप-सुतळी, मग गॅस कटर

पलटी झालेली ट्रॉली जेसीबीने उभी केली, चाकं फिरतात असं दिसलं, की बरेच जण दुसऱ्याच दिवशी तिच्यात ऊस भरतात. पण बऱ्याचदा चेसिस तेव्हाच कुठंतरी पिळलेली असते. ते लगेच कळत नाही. महिनाभराने एका बाजूचे टायर घासायला लागतात, ट्रॉली खेकड्यासारखी तिरकी चालते. आणि भरल्या गाडीची दांडी चढावर तुटली, तर मागून येणारा मोटारसायकलवाला सापडतो.

सगळ्यात आधी दांडी बघावी. ट्रॉली आडवी होते तेव्हा ट्रॅक्टर पुष्कळदा उभाच राहतो, त्यामुळे सगळा पीळ हुक आणि दांडीवर येतो. दांडी चेसिसच्या चॅनेलला जिथं जोडलेली असते, तिथला रंग उडाला असेल किंवा गंजाची बारीक रेघ दिसत असेल तर तडा असण्याची शक्यता धरून चालावं. खात्री करायला घरचा उपाय आहे. जागा घासून स्वच्छ करायची, रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असला तर आत मुरलेलं तेल पुडीवर काळी रेघ उमटवतं. जवळ गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग चालू असताना मात्र हे करू नये.

मग मोजमाप. यासाठी मोठं गॅरेज लागत नाही, गवंड्याचं सामान पुरतं. रिकामी ट्रॉली सपाट कोब्यावर आणायची, हवा दोन्हीकडे सारखी ठेवायची. हुकाच्या भोकाच्या मध्यापासून एक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत टेप लावायचा. दोन्ही मापं सारखी यायला पाहिजेत. चार-पाच मिलिमीटरचा फरक चालून जातो; सेंटिमीटरच्या वर गेला तर एक्सल सरकलाय किंवा दांडी वाकलीय. नंतर चेसिसच्या चारही कोपऱ्यांतून ओळंबा सोडून खाली खडूने खुणा करायच्या, ट्रॉली बाजूला घ्यायची आणि जमिनीवर दोन्ही कर्ण मोजायचे. घराचा पाया आखताना गवंडी काटकोन असाच तपासतो. पीळ बघायला पाण्याच्या लेव्हलची नळी लावावी. पुढचे दोन कोपरे एका पातळीत आणि मागचे नाहीत, तर चेसिस पिळलेली आहे. सगळी मापं कागदावर लिहून ठेवा, कारण काम झाल्यावर फिटरला तीच परत दाखवायची असतात.

सरळ करताना पहिला नियम एवढाच, की जिकडून मार बसला त्याच्या उलट दिशेने हळूहळू ओढायचं. जेसीबीचं बकेट वरून दाबलं की चॅनेल सरळ होण्याऐवजी त्याच्या कडा दुमडतात. हायड्रॉलिक जॅक आणि चेन ब्लॉक बरे. जॅक लावताना चॅनेलच्या पोटात लोखंडी ठोकळा ठेवावा. लोखंड जॅक सोडल्यावर थोडं मागे येतं, म्हणून किंचित जास्त दाबून, सोडून, परत मोजायचं. ताणलेल्या साखळीवर दोन ओली पोती टाकावीत, म्हणजे तुटली तरी ती फारशी उडत नाही. साखळीच्या रेषेत कुणी उभं राहू नये, पोरांना तर लांबच ठेवावं.

थंड हालत नसेल तरच गॅस. चॅनेल मंद लाल होईल इतकंच तापवायचं, पिवळं-पांढरं नाही. हा रंग उन्हात ओळखू येत नाही, म्हणून काम सावलीत घ्यावं. लाली जाऊन लोखंड निळसर झालं की दाबणं थांबवायचं. त्या तापमानाला ते ठिसूळ वागतं. वरून पाणी मारू नये, आपोआप निवू द्यावं.

एक्सलचा स्पिंडल, पाटे, हुक आणि पिन यांना गॅस अजिबात लावायचा नाही. वाकले असतील तर बदलायचे. हजार-दोन हजार वाचवायला तापवून सरळ केलेली पिन भरल्या ट्रॉलीखाली कधी दगा देईल याचा नेम नाही. ट्रॅक्टरही उलटला असेल आणि त्याची संरक्षक कमान वाकली असेल, तर तीही सरळ करून परत बसवू नये, नवीनच घ्यावी. तिची ताकद एकदाच वापरण्यापुरती असते.

तड्यावर नुसतं वरून वेल्डिंग ओढणं हे गावोगाव चालतं आणि तिथंच परत तुटतं. तड्याच्या टोकाला ड्रिलने छोटं भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने खाच करून आतपर्यंत भरायचं. ७०१८ नंबरचा रॉड असेल तर उत्तम, पण तो कोरडा हवा. वरून जोडपट्टी मारायची तर चौकोनी नको, शंकरपाळ्यासारखी तिरकी कापावी. चॅनेलच्या खालच्या कडेवर आडवी वेल्डिंग टाळावी, भार पडला की सगळा ताण तिथंच येतो. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर आधी सोडावी, नाहीतर निदान बॅटरीच्या वायरी तरी काढाव्यात.

विमा असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवून सर्व्हेअरला ट्रॉली आहे तशी दाखवावी, फोटो काढून ठेवावेत. ट्रॉलीची नोंद आरटीओकडे ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. त्यामुळे चेसिस नंबर जिथं कोरलाय, तिथं ग्राइंडर किंवा गॅस लागणार नाही हे कामाला सुरुवात व्हायच्या आधीच फिटरला बोट ठेवून दाखवावं.

दुरुस्तीनंतर पहिली खेप निम्म्या भाराची, जवळच्या रस्त्याने करावी. परत आल्यावर हब हाताला गरम लागतात का ते बघावं, नट आवळावेत आणि वेल्डिंगच्या जागी पुन्हा एकदा खडूची पूड चोळावी.