पंधरा वर्षांच्या मुलाचं पुस्तक

दहावीला मराठीच्या तासाला संतकविता निघाली की आमच्या फुलसावंगीच्या वर्गात मागच्या बाकांवर डुलक्या सुरू व्हायच्या. फळ्यावर शब्दार्थ, वहीत गाईडमधलं रसग्रहण, संपला विषय. तांड्यावरून येणाऱ्या माझ्या मित्राच्या घरी गोरमाटी बोलत. त्याला पुस्तकातली मराठीच परकी, त्यात ही सातशे वर्षांपूर्वीची. ‘हे आपल्या वयाचं नाही,’ तो म्हणायचा. मलाही ते पटायचं.

पुढे तारखा जुळवून पाहिल्या आणि चपापलो. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला सांगून झाली. ज्ञानेश्वरांचा जन्म परंपरेनं १२७५चा मानतात. म्हणजे वय पंधरा. दहावीच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचं! आणि मुलगा कोण, तर संन्याशाचा पोर म्हणून भावंडांसह वाळीत टाकलेला.

त्यानं केलं काय? गीतेचे सातशे श्लोक संस्कृतात होते, बहुतेकांना बंद. ते त्यानं सुमारे नऊ हजार ओव्यांत, लोकांच्या बोलीत, दाखल्यांवर दाखले देत उलगडले. आज आपण जिला अवघड म्हणतो, ती ज्ञानेश्वरी मुळात सोपं करून सांगण्यासाठीच जन्मली. समोर श्रोते बसले होते.

मग भाषा बदलत गेली. नकलांमध्ये पाठभेद शिरले, म्हणून एकनाथांनी १५८४ साली पोथी शुद्ध केली. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ती शिळाप्रेसवर छापली. १९६७ साली ‘बालभारती’ स्थापन झाली. आज नववी-दहावीच्या मराठीच्या पुस्तकाचं नाव ‘कुमारभारती’. नाव कुमारांचं, पण त्यात येणारा संतांचा वेचा चार-सहा ओळींचा. आगापिछा गळालेला. सांगणाराही गळालेला.

ताटीच्या अभंगांचंच घ्या. ताटी म्हणजे झोपडीचं काड्याकुडांचं दार. आख्यायिका अशी, की लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानेश्वर रागानं दार लावून आत बसले. बाहेर चार वर्षांनी धाकटी मुक्ताबाई. ती त्यांना समजावते, चुचकारते, मोठ्या बाईसारखं दटावतेही. खोलीचं दार आपटून आतून कडी लावलेली नाही, असा कोण आहे आपल्यात? हे आधी सांगितलं, तर शब्दार्थ पोरं स्वतःच विचारतील.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्याकडे हरिनाम सप्ताहात रात्री कीर्तन व्हायचं. वर्गात झोपणारा माझा तोच मित्र मांडवात पुढे बसून हसायचा. ओवी तीच असायची. कीर्तनकार ती म्हणायचा, थांबायचा, शेतातला एखादा दाखला द्यायचा, मग परत म्हणायचा. मित्राला अर्थ कळल्यावर तो शेजारच्याला गोरमाटीत सांगायचा. सातशे वर्षांपूर्वी नेवाशाला जे झालं, ते मांडवात पुन्हा होत होतं.

म्हणून जुनं साहित्य अभ्यासक्रमातून काढा, असं मी म्हणणार नाही. वेचे कमी ठेवा, पण पूर्ण ठेवा. परीक्षेआधी मोठ्यानं वाचा. अर्थ ज्याच्या त्याच्या घरच्या बोलीत लिहू द्या. गोरमाटीत, कोलामीत, वऱ्हाडीत. गीता आपल्या बोलीत आणणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे नक्कीच चाललं असतं.