कानबाईची रात अन् बुधवारचा रेडिओ

आमच्या तरणेपणी दोंडाईच्यात गाणं दोन जागी भेटे. बुधवारी रात्री आठला चहाच्या हॉटेलात रेडिओ सिलोन लागे. अमीन सायानींची बिनाका गीतमाला, 1952 पासूनची. मिरची बाजारातले हमालही पहिला नंबर कोणाचा ते ऐकायला थांबत. रेडिओला तेव्हा पोस्टात लायसनचे पैसे भरावे लागत, म्हणून तो घरोघर नव्हता.

दुसरी जागा कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार. रोट झाले की माय, काकू, आत्या रातभर अहिराणी गाणी म्हणत. एकीनं उचलायचं, बाकीच्यांनी ओढायचं. सोमवारी विसर्जन.

सिलोनवरची गाणी नातू मोबाइलवर चुटकीसरशी काढून देतो. मायची मात्र कोणी टेपात भरलीच नाहीत. यंदा रोट झाले, विसर्जनाला डीजे होता. काकू तेवढी ओठ हलवत चालली होती.